गावाचा वीज आराखडा करायचाय? आधी पाण्याची रेघ मारा, मग पॅनेलची जागा ठरवा

सध्या बेळगावच्या सीमाभागात कुठल्याही गावात जा, तीनपैकी एक माणूस येऊन गेलेला असतोच. एक म्हणजे सोलर कंपनीचा एजंट, जमीन लीजवर देताय काय विचारणारा, दुसरा हायटेन्शन लाइनच्या सर्व्हेचा, शिवारात खुणा करून जाणारा, आणि तिसरा पंचायतीतला, सोलर पथदिव्यांचं कोटेशन घेऊन आलेला. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. वीज हेस्कॉम (आपल्याकडची सरकारी वीज कंपनी) बघते, जमीन तहसीलदार ऑफिस बघते, पूर आला की कंट्रोल रूम बघते, आणि गावाचा म्हणून एक नकाशा कुणाकडेच नसतो. तो नकाशा आपणच करायचा. तो कसा करायचा ते खाली क्रमाने लिहिलंय, ग्रामपंचायत मेंबर, शेतकरी, बचत गटाच्या बायका, शिकलेली पोरं, कुणीही हातात घेऊ शकतंय.

क्रम महत्त्वाचा आहे बरं का. पाणी आधी, माती नंतर, विजेचा हिशोब तिसरा आणि जागा चौथी. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतंय, म्हणजे जागा आधी ठरते, आणि पाणी कुठून वाहतंय ते पहिल्या पावसात कळतंय.

१. पुराची रेघ

आपला जिल्हा एकसारखा नाही हे आधी डोक्यात घ्या. कणकुंबीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि अथणीकडे कसाबसा पाचशे-सहाशे. त्यामुळे खानापूरचा आराखडा अथणीला चालत नाही आणि निपाणीचा सौंदत्तीला चालत नाही.

नदीकाठच्या गावांनी, म्हणजे दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा जिथं जिथं आहे तिथं, २०१९ च्या ऑगस्टमधलं आणि २०२१ च्या जुलैमधलं पाणी कुठवर आलं होतं ते आधी नोंदवा. यमगर्णीजवळ हायवे बंद पडला होता तेव्हाचं पाणी. हे सरकारी कागदात शोधत बसू नका, गावात फिरा, भिंतीवर ओल्याची रेघ अजून दिसते, देवळाच्या कितव्या पायरीला पाणी लागलं ते म्हाताऱ्या माणसांना पाठ असतंय, २००५ चं पण सांगतील. प्रत्येक रेघेचा फोटो, जागा आणि जमिनीपासूनची उंची टेपने मोजून वहीत घ्या.

मग मोबाईलवर दिशांक ॲप उघडा. कर्नाटक सरकारचं आहे, तुम्ही उभे असाल तिथला सर्व्हे नंबर दाखवतंय. पाणी आलेले सगळे सर्व्हे नंबर लिहून काढा आणि गावच्या नकाशावर निळ्या पेनने रंगवा. नाले, ओढे, जुने बुजवलेले पाट पण त्यातच. बेळगावच्या दक्षिणेला बळ्ळारी नाल्याचं काय झालंय ते आपण दरवर्षी बघतोय, गाळ आणि जलपर्णीने नाला भरला, कडेने अतिक्रमण झालं, आणि शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातली भाताची रोपं पाण्याखाली कुजतात, दुबार लावणी करावी लागते. नाल्याच्या कडेचा एक पट्टा नकाशावर मोकळा सोडा, तिथं काहीच नको, पॅनेल नको, कंपाऊंड तर अजिबात नको, कारण जाळीच्या कंपाऊंडला पालापाचोळा आणि प्लास्टिक अडकलं की तोच बांध होतो आणि पाणी शेजारच्याच्या रानात शिरतं.

२. तिबार पिकाची जमीन बाजूला काढा

बेळगावच्या हलगा-मच्छे बायपासला शेतकरी इतकी वर्षं का भांडले? तर जमीन तिबार पिकाची, भात निघाला की मसूर-वाटाणा, मग भाजी. अशी जमीन एकदा गेली की परत तयार होत नाही. म्हणून दुसऱ्या रंगाने, हिरव्याने म्हणा, ही जमीन रंगवायची: भाताचं काळं रान, कडोली-उचगाव बाजूची बटाटा-रताळ्याची आणि भाजीची रानं, कालव्याखालची बागायत. इथं वीज प्रकल्प नको असा ग्रामसभेचा ठराव आधीच करून ठेवायचा, एजंट दारात आल्यावर नव्हे.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, माळ म्हणजे पडीक असं समजू नका. सौंदत्ती, रामदुर्ग, अथणीकडचे गवताळ माळ कागदावर पडीक दिसतात, पण धनगरांची मेंढरं तिथंच जगतात, गावची जनावरं चरतात, आणि पावसाचं पाणी मुरतं ते तिथंच. गायरान कुणाच्या उपयोगाचं आहे हे बघायचं असलं तर दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा संध्याकाळच्या वेळी तिथं जाऊन उभं राहा, कोण जनावरं घेऊन येतंय ते लिहून घ्या. ही यादी आराखड्याला जोडायची. कारण लीजचं भाडं पंचायतीला मिळतं आणि चारा जातो तो ज्याच्या नावावर एक गुंठा पण नाही त्याचा.

३. गावाला वीज लागते किती

हा हिशोब केल्याशिवाय पुढं जाऊच नका, आणि तो अवघड नाही. समजा गावात ४०० घरं आहेत, घराला महिन्याला सरासरी ६० युनिट धरले तर वर्षाचे २ लाख ८८ हजार युनिट. समजा १५० मोटारी, सगळ्या ५ एचपीच्या, म्हणजे एक मोटार पावणेचार किलोवॅट, दिवसाला ७ तास, वर्षात १५० दिवस, तर पावणेसहा लाख युनिटच्या वर जातंय. म्हणजे गावची वीज खरी खातंय कोण तर मोटारी, घरांच्या दुप्पट. दोन्ही मिळून पावणेनऊ लाख युनिट, त्यात नळपाणी योजना, गिरण्या, पथदिवे धरले तर अजून थोडे.

आता जमिनीवरचा १ मेगावॅट सोलर आपल्याकडे वर्षाला साधारण १५ लाख युनिट देतो आणि त्याला चार-पाच एकर जागा लागते. म्हणजे या गावाची वर्षाची गरज भागवायला तीन एकर पुरतात! एजंट पन्नास एकर मागतोय तेव्हा ती वीज गावासाठी नाही, बाहेर जाणार आहे, हे त्या क्षणी समजतं. बाहेर देऊ नका असं मी म्हणत नाही, शहरांना आणि कारखान्यांना पण वीज लागते, पण मग तो धंद्याचा व्यवहार आहे आणि धंद्यासारखाच बोलायचा, गावाच्या विकासाच्या नावाखाली नको.

एकट्या सोलरवर गाव चालत नाही हे पण लक्षात ठेवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग असतात, सोलर कमी पडतो, आणि नेमकं तेव्हाच सौंदत्तीकडच्या माळावरचा वारा जोरात असतो. ऊस गाळपाच्या हंगामात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, साखर कारखाने बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, वीज काढतात, एक टन उसाला पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस निघतो. म्हणजे पावसाळ्यात वारा, हिवाळ्यात बगॅस, बारा महिने कमीजास्त ऊन, असा जिल्ह्याचा मेळ निसर्गानेच घालून दिलाय. गोकाक फॉल्सला १८८७ सालीच पाण्यावर वीज काढायला लागले होते, आपल्या भागाला हे काही नवीन नाही. फक्त उसाचं एक बघायला पाहिजे, बगॅसची वीज पाहिजे म्हणून कोरड्या तालुक्यात ऊस वाढवणं म्हणजे बोअरचं पाणी जाळून वीज करणं आहे.

४. आता जागा

निळा आणि हिरवा रंग वगळून जे उरलं त्यातच जागा शोधायची, ती पण अशा क्रमाने.

पहिल्यांदा छप्परं. शाळा, पंचायत, दवाखाना, सोसायटीचं गोडाऊन, दूध डेअरी, काजूचे कारखाने. १ किलोवॅटला शंभरएक चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. घरांसाठी पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला एकूण ७८ हजार सबसिडी आहे. पण कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत फुकट मिळत असताना साधं घर कशाला खर्च करेल, त्यामुळे लहान घरांच्या मागं लागू नका. ज्याचं बिल खरंच मोठं येतंय, म्हणजे डेअरी, गिरणी, वेल्डिंगचं दुकान, मंगल कार्यालय, त्यांना आधी धरा.

दुसरी, सबस्टेशनजवळची खरोखर नापीक जागा, बंद पडलेली खडीची खाण, मुरूम काढलेले खड्डे. केंद्राच्या कुसुम या शेतीच्या सोलर योजनेच्या अ भागात ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचे प्रकल्प शेतकरी, सोसायटी, पंचायत यांना करता येतात, जागा सबस्टेशनपासून ५ किलोमीटरच्या आत असावी अशी त्यात अपेक्षा आहे. क भागात शेतीचा अख्खा फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून मोटारींना येणारी लाइन, सोलरवर नेता येतो, आणि मला विचाराल तर आपल्या गावांना हाच भाग जास्त फायद्याचा, कारण मोटारीला रात्री बारा वाजता करंट येणं थांबतं, दिवसा पाणी देता येतं, सापकिरडूची भीती नाही.

तिसरी, पिकाच्या वर पॅनेल. अडीच-तीन मीटर उंच स्ट्रक्चर, खाली हळद, आलं, पालेभाज्या, चारा. खर्च जास्त आहे आणि ऊस-मक्यासारखं उंच पीक त्याखाली जमत नाही. एखाद्याने अर्ध्या एकरात करून बघावं, लगेच सगळ्या गावाने उड्या मारू नयेत.

जागा ठरली तरी जमीन सपाट करायला देऊ नका. खानापूर-बेळगाव पश्चिमेच्या तांबड्या उताराच्या जमिनीत जेसीबी फिरवला की पहिल्या पावसात माती ओढ्यात. उताराला आडवे चर, पॅनेलखाली गवत, आणि पाणी बाहेर पडतं तिथं शेततळं, एवढं करारातच लिहून घ्यायचं. पॅनेल धुवायच्या पाण्याचं पण विचारा: ५५० वॅटची पॅनेल धरली तर १ मेगावॅटला १८०० च्या आसपास बसतात, एकाला तीन लिटर म्हटलं तरी एका धुण्याला पाच-साडेपाच हजार लिटर, आणि ते उन्हाळ्यातच जास्त लागतंय, जेव्हा गावात टँकर चालू असतो.

५. आहे ती वीज पुरात टिकवा

हा भाग कुणी करतच नाही आणि सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतंय. दूधगंगेचं पाणी वाढायला लागलं की काठावर काय होतं ते बघा. मध्यरात्री दोरखंड घेऊन माणसं मोटारी काढायला पळतात, निम्म्या निघतात, निम्म्या राहतात, स्टार्टरच्या पेट्या तशाच पाण्यात, खांब वाकतात, टीसी (ट्रान्सफॉर्मर) बुडते. पाणी ओसरल्यावर पिकाला लगेच पाणी लागत नाही म्हणून ते एकवेळ चालतं, पण नळपाण्याची मोटार त्याच लाइनवर असते, आणि सगळ्या गावात गढूळ पाणी असताना प्यायला थेंब नसतो.

म्हणून पहिल्या पायरीत काढलेली ती रेघ इथं वापरायची. गावातल्या प्रत्येक टीसीपाशी जाऊन रेघेच्या वर आहे का खाली ते मोजा, खालच्यांची यादी करून चबुतरा उंच करा किंवा जागा बदला असा अर्ज हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसला द्या, फोटो आणि माप जोडून. नळपाण्याचा फीडर वेगळा मागा. छपरावर सोलर बसवताना एक-दोन ठिकाणी, म्हणजे निवारा होतो ती शाळा आणि दवाखाना, बॅटरीसकट बसवा, कारण साधा ग्रिडचा सोलर लाइन गेली की आपोआप बंद पडतो, हे कित्येकांना बसवल्यावर कळतं. इन्व्हर्टर आणि बॅटरी वरच्या मजल्यावर, तळमजल्याला नको.

इशारा कुठून घ्यायचा ते पण आराखड्यात लिहा. दूधगंगेकाठच्यांनी काळम्मावाडीचा विसर्ग, वेदगंगेला पाटगाव, कृष्णेला कोयना आणि राजापूर बंधाऱ्याची पातळी, घटप्रभेला हिडकल, मलप्रभेला नविलतीर्थ. निम्मं पाणी महाराष्ट्रातून येतंय, तेव्हा पलीकडच्या गावांचे नंबर मोबाईलमध्ये असायलाच पाहिजेत. पै-पाहुणे तर आहेतच की सगळ्यांचे तिकडं. पावसाचा आकडा आपल्या पंचायतीतच मिळतो, राज्याच्या आपत्ती केंद्राने पंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवलेत.

६. मोटारी आणि बोअर

सोलर पंप फुकट चालतो, म्हणून दिवसभर चालतो, आणि बोअर आटतं. कोरड्या तालुक्यांत सोलर पंप घेताना त्याच्याबरोबर ठिबक, मोटारीचा एचपी कमी ठेवणं आणि बोअरच्या पातळीची महिन्याला नोंद, या तीन अटी गावाने स्वतःवर घालून घ्याव्यात. पातळी मोजायला दोरी आणि वजन पुरतं. विहिरीला नदीचं पाणी मिळतंय तिथं एवढं कडक नको.

७. करार सही करायच्या आधी

पावगडचं उदाहरण कर्नाटकातलंच आहे, तुमकूर जिल्ह्यात. १३ हजार एकरांवर २०५० मेगावॅटचा सोलर पार्क, जमीन विकत न घेता २८ वर्षांच्या लीजवर, एकराला वर्षाला २१ हजार आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. जमीन मालकाच्या नावावर राहिली ही चांगली बाजू. पण ज्यांची जमीन नव्हती, जे दुसऱ्याच्या रानात भांगलायला जात होते, त्यांचं काम गेलं आणि भाडं त्यांना मिळत नाही. आणि दोन वर्षांनी ५ टक्के म्हणजे वर्षाला अडीच टक्केसुद्धा भरत नाहीत, महागाई त्याच्या पुढं पळते.

तुमच्या करारात वाढ दरवर्षीची मागा. जमीन गहाण टाकायचा हक्क कंपनीला नको. मुदत संपल्यावर काँक्रीटसकट सगळं उचलून जमीन पूर्ववत करायची आणि त्यासाठी बँक गॅरंटी आधी ठेवायची. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेल धरलेत, तेव्हा तुटकी पॅनेल ओढ्यात टाकायची नाहीत हे पण लिहा. पाणंद, वहिवाटीचा रस्ता, पाण्याचा पाट अडवायचा नाही. कामावर गावातल्या भूमिहीन घरांना पहिला हक्क. सब रजिस्ट्रारकडे नोंदणी झाल्याशिवाय ताबा नाही. आणि मराठी प्रत हातात आल्याशिवाय सही नाही, कन्नड किंवा इंग्रजी कागद कुणीतरी तोंडी समजावून सांगितला म्हणून अंगठा उठवू नका. एनए (बिगरशेती) करून मागत असतील तर थांबा, वकिलाला उतारा दाखवा, एनए झालेली जमीन परत शेती म्हणून लावून घेणं फार कटकटीचं आहे.

हायटेन्शन लाइनचं वेगळं. तिथं जमीन घेत नाहीत, नुसता लाइन नेण्याचा हक्क घेतात, म्हणून भरपाईवरून वाद होतात. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनेत टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के सांगितलंय. आपल्याकडे कोणता दर लावताहेत तो डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसकडून लेखी घ्या, आणि पीक-झाडांची भरपाई वेगळी असते ती यात मिसळू देऊ नका. लाइन बांधाबांधाने नेता येते का, हा प्रश्न सर्व्हेच्या दिवशीच विचारायचा, टॉवर उभा राहिल्यावर काही उपयोग नाही.

८. खानापूरच्या जंगलातली गावं

आमगाव, गवाळी, कृष्णापूर अशी भीमगड अभयारण्यातली गावं या सगळ्या हिशोबात बसत नाहीत. पावसाळ्यात झाड पडलं की लाइन कित्येक दिवस येत नाही आणि सोलर तर त्याच वेळी ढगात. अशा ठिकाणी छोट्या ओहोळावरचा पिको हायड्रो, म्हणजे घरापुरती वीज देणारी पाण्यावरची छोटी टर्बाइन, बघावा, पश्चिम घाटात खाली चिक्कमगळूर, दक्षिण कन्नडकडे घरोघर वापरतात, पाऊस जोरात तेव्हा वीज जोरात. वनखात्याची परवानगी लागते. गोठा असेल तर बायोगॅस, २ घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं म्हणजे चार-पाच जनावरं, सरपणाची फेरी वाचते आणि जंगलावरचा भार पण.

९. ठराव, अर्ज, आणि भाषा

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत सोलर आणि पवन प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीच लागत नाही, म्हणजे जनसुनावणी पण होत नाही. लोकांनी बोलायची जागा उरते ती ग्रामसभा. कर्नाटकात ती सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते, त्याआधी वॉर्डसभा. म्हणून तुमचा रंगवलेला नकाशा, सर्व्हे नंबरची यादी आणि विजेचा हिशोब वॉर्डसभेत मांडा, ग्रामसभेत ठराव करा, आणि २ ऑक्टोबरपासून पंचायत विकास आराखड्याची मोहीम सुरू होते त्यात घालायला लावा. पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) सहीची पोच घ्या. शहराच्या कडेला असाल, कंग्राळी, हिंडलगा, येळ्ळूर, तर बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) मास्टर प्लॅन आधी बघा, तुमच्या हिरव्या रंगावर तिथं पिवळा रहिवासी झोन पडलेला असू शकतो, आणि हरकत घ्यायला मुदत असते.

तक्रारीचा अर्ज मराठीत करायचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने दिलाय, तरी काम लवकर व्हावं म्हणून कन्नड प्रत सोबत जोडा, एकाच पानाच्या दोन बाजूंना. शेजारच्या कन्नड गावांना पण बरोबर घ्या. नदी, लाइन आणि टीसी दोघांची एकच आहे, आणि दहा पंचायतींचा ठराव घेऊन डीसींकडे गेलं की ऐकून घ्यावंच लागतं.

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी नकाशा परत उघडायचा. नवीन कंपाऊंड नाल्यात आलंय का, कुठली टीसी अजून रेघेखाली आहे, शाळेची बॅटरी चार तास चालते का ते प्रत्यक्ष लाइन बंद करून बघायचं, बोअरच्या वर्षभराच्या नोंदी भिंतीवर लावायच्या, आणि राहिलेल्या कामांची यादी घेऊन मिरगाच्या आत सेक्शन ऑफिसला जाऊन यायचं.